प्रार्थनेची चिठ्ठी

करुणाताई शिरसाठांना मोघम प्रार्थना खपत नसे. "प्रभू, सगळ्यांचं भलं कर," असं कुणी म्हणालं की त्या मिटल्या डोळ्यांनीच कपाळाला आठी घालत. त्यांचे वडील नगर जिल्ह्यात तीस वर्षं पाळक होते. देवाकडं मागायचं तर नाव घेऊन, गाव सांगून आणि गरज सांगून मागायचं, हे त्यांनी लेकीला लहानपणीच शिकवलं होतं. पत्ता न घालता पत्र टाकायचं आणि मग टपालखात्याला नावं ठेवायची, हे त्यांना पटत नसे. ताईंनी वडिलांची ही शिस्त छप्पन्नाव्या वर्षापर्यंत इमानानं पाळली. त्याच शिस्तीपायी त्यांनी एका पोराचा जीव धोक्यात घातला, आणि तोही स्वतःच्या सुवाच्य अक्षरात.

कोपरखैरण्यात एका बैठ्या घरात ताई मिशनचं 'उमेद' केंद्र चालवत. तुर्भ्याच्या खाणीकडच्या वस्तीतली, शाळा सुटलेली पोरं तिथं मोबाइल दुरुस्ती, शिवण आणि थोडंफार इंग्रजी शिकायला येत. काही लोक म्हणत, ही बाई पोरं बाटवते. मिशनमधले काही वरिष्ठ म्हणत, एवढी वर्षं झाली आणि या बाईनं चार माणसंसुद्धा प्रभूकडं आणली नाहीत. ताई दोघांनाही चहा पाजत आणि पुन्हा शिवणयंत्राचा दोरा ओवायला बसत.

त्या केंद्रातला शिवतेज नावाचा सोळा वर्षांचा मुलगा ऑक्टोबरात खाणीच्या खड्ड्यात पडून मेला. पाय घसरला, असं वस्तीत सगळे म्हणाले, आणि म्हणताना कुणी कुणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही. वस्तीत आप्पाची नशेची पावडर चालायची. आप्पा कोण, कुठं राहतो, हे कुणाला धड ठाऊक नव्हतं, पण पावडर पोचवायला त्याला पोरं लागायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवतेज नाही म्हणाला होता. त्याला खड्ड्यात ढकललं तेव्हा वर झुडपामागं त्याचा जोडीदार अश्विन उभा होता. एकोणीस वर्षांच्या त्या पोरानं दोन महिने ते पोटात ठेवलं. नाताळच्या आठवड्यात केंद्राच्या दारावरच्या ताऱ्याला कागद चिकटवता चिकटवता त्यानं ते ताईंना सांगितलं, आणि डिंकाचा हात तसाच तोंडावर ठेवून रडला.

बोल, असं त्याला ताईंनीच समजावलं. ही गोष्ट पुढं त्यांना अन्न गोड लागू देईना. पोराला गप्प राहायचं होतं. गप्प राहून तो जगलाही असता, वस्तीत बाकीचे जगतात तसा. पण ताईंनी त्याच्यासोबत तीन दिवस बसून, शिवतेजच्या आईचं नाव घेऊन, त्याचं मन वळवलं. तेजश्री नावाच्या तरुण वकिलीणबाईंनी सगळं जमवून आणलं. जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी, अकरा वाजता, बेलापूरच्या कोर्टात न्यायाधीशांपुढं अश्विनचा जबाब व्हायचा होता.

"एकदा तिथं कागदावर आलं, की त्याला गप्प करून कुणाचा फायदा नाही," तेजश्री म्हणाली. "धोका आहे तो सोमवारपर्यंत. तोवर त्याला कुठं ठेवताय ते मलाही सांगू नका, ताई."

"तुम्हालाही नको?"

"मला तर नकोच. जे मला ठाऊक नाही ते माझ्या तोंडून जाणार नाही."

ताईंनी मान डोलावली. पटलं म्हणून डोलावली, असं त्यांनाही वाटलं.

अश्विनची आई बायजाबाई तुर्भ्यात धुणीभांडी करायची. नवरा मारोती कधीच वारला होता. माणसं मूळची परभणीकडची, बौद्ध. पोराला न्यायला ताई गेल्या तेव्हा बायजाबाईनं आधी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं पाहिलं आणि मग ताईंकडं.

"ताई, ह्यो फोटो उतरवायला सांगू नका म्हंजी झालं."

"कुणी सांगितलं उतरवायला? रोज पुसत जा, धूळ बसलीय."

बायजाबाई हसली नाही. तिनं पोराच्या पिशवीत भाकरी कोंबल्या आणि म्हणाली, "तुमच्या सबदावर धाडते. सोमवारी माझं लेकरू जसंच्या तसं माघारी पायजे."

ताईंनी त्याला दिवाळ्याला नेलं. खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात राहीबाई नावाची साठीची मासेवाली राहायची. तिची मुलगी ताईंच्या केंद्रात शिवण शिकून गेली होती. त्या ओळखीवर ताई दर महिन्याला राहीबाईकडं जात आणि तिच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करत. राहीबाई होती एकवीरेची. पण गुडघा बरा व्हायचा असेल तर तिची कुणाच्याही देवाला हरकत नव्हती. पोराला पाहून तिनं काही विचारलं नाही. "जाली शिवता येते क?" एवढंच म्हणाली आणि त्याला होडीपाशी बसवलं.

इथवर सगळं शहाणपणानं झालं होतं. घात झाला तो गुरुवारी.

दर गुरुवारी केंद्रात चर्चच्या मंडळीतल्या अकरा बायका उपास करून प्रार्थनेला बसत. वीस वर्षांचा नेम. प्रत्येकीनं आपली विनंती चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठ्या वेताच्या परडीत टाकायच्या, आणि ज्या हाती जी येईल तिनं त्या माणसासाठी त्या आठवड्यात रोज अर्धा तास गुडघे टेकायचे. आठवडा संपला की चिठ्ठी चुलीत. या परडीतून कधी कुणाची अब्रू बाहेर गेली नव्हती. सुना, नवरे, दारू, गर्भपात, सगळं त्या परडीत पडलं होतं आणि राख झालं होतं.

ताईंचं पेन थांबलं, हे खरं आहे. 'एका तरुणासाठी' असं त्यांनी आधी लिहिलं. मग वडील आठवले. सोमवार चार दिवसांवर होता आणि त्यांना रात्री झोप लागत नव्हती. त्या मनातून इतक्या घाबरल्या होत्या, की देवाला पोराचा पत्ता बरोबर मिळाला पाहिजे याशिवाय त्यांना दुसरं काही सुचेना. त्यांनी तो कागद फाडला आणि नवा घेतला. 'अश्विन. वय १९. मुक्काम दिवाळे, राहीबाईंच्या घरी. सोमवारी अकरा वाजता बेलापूरच्या कोर्टात खरी साक्ष देण्याचं धैर्य मिळावं, आणि शत्रूच्या हातून रक्षण व्हावं.' खाली सवयीनं सहीसुद्धा केली.

चिठ्ठी वैशालीच्या हाती आली. वैशाली त्या बायकांत सर्वांत लहान, देवभोळी, आणि हातात सदा मोबाइल. तिची सासू त्या दिवशी तापानं घरी पडली होती. तिलाही प्रार्थनेचा आशीर्वाद मिळावा म्हणून वैशालीनं चिठ्ठीचा फोटो काढून तिला पाठवला. सासूनं तो पनवेलच्या उपास-प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकला. तिथल्या एकानं ठाण्याला, ठाण्याच्या एकीनं श्रीरामपूरला. यातलं कुणीही चहाडखोर नव्हतं, हे मला ठासून सांगायचंय. सगळ्यांनी चिठ्ठी वाचली, हात जोडले, मनापासून प्रार्थना केली आणि आणखी चार जणांनी करावी म्हणून पुढं पाठवली.

शनिवारी संध्याकाळी ताई केंद्राच्या पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. मोबाइल वाजला. श्रीरामपूरच्या मावसबहिणीचा निरोप होता. 'करुणा, तुझ्याच भागातला मुलगा दिसतो. आम्ही इथं साखळी प्रार्थना लावली आहे. तूही कर.' खाली फोटो. फोटोत त्यांची स्वतःची चिठ्ठी, त्यांचं अक्षर, आणि तळाशी बहिणीच्या नजरेतून सुटलेली त्यांची सही. वर लिहिलेलं की हा निरोप अनेक वेळा पुढं पाठवला गेला आहे.

मटाराचे दाणे हातातून सुटून पायऱ्यांवरून खाली गेले. ताईंनी राहीबाईला फोन लावला.

"जेवतंय तुजा पोऱ्या. बोंबील आवडला त्याला. का गो?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "कुणी आलं तर..."

"कोन येनार?"

इथं ताईंनी खरं सांगायला हवं होतं. पण मग आपण काय केलं तेही सांगावं लागलं असतं, आणि ते जिभेवर येईना. त्यांनी मनाची समजूत घातली. ज्यांच्याकडं चिठ्ठी गेली ती सगळी प्रार्थना करणारी माणसं. प्रार्थना करणाऱ्या माणसाकडून काय धोका? हा विचार त्यांनी इतक्या वेळा केला, की शेवटी त्यांना थोडी डुलकी लागली.

रविवारी मंडळीची उपासना एका शाळेच्या हॉलमध्ये भरायची. शेवटी पाळकांनी नेहमीप्रमाणं विचारलं, कुणाची काही विनंती? एका बाईनं मुतखड्यासाठी विनंती केली, एका मुलानं परीक्षेसाठी. मग मागच्या रांगेतून एक जण उभा राहिला. तिशीचा असेल. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कोरलेली दाढी, हातात चेन लावलेल्या कव्हरातलं बायबल. त्याला आधी कुणी पाहिलेलं नव्हतं.

"जय ख्रिस्त. मी प्रसाद," तो म्हणाला. "एका भावासाठी विनंती आहे. अश्विन नाव. वय एकोणीस. घाबरून दिवाळ्याला लपलाय. लपून राहू नये, आपल्या माणसांत यावा, म्हणून सगळ्यांनी प्रार्थना करा."

हॉलभर 'आमेन' झालं. अर्धी मंडळी तीन दिवस त्याच अश्विनसाठी गुडघे झिजवत होती, त्यांना भरूनच आलं. पाळकांनी सर्वांना उभं केलं आणि प्रसादलाच म्हणाले, भाऊ, तुम्हीच चालवा.

ताई दुसऱ्या रांगेत उभ्या होत्या. त्यांना ओरडायचं होतं, निदान मागं वळून तो चेहरा नीट पाहून ठेवायचा होता. पण 'प्रभू' हा शब्द कानावर पडला आणि त्यांच्या पापण्या आपोआप मिटल्या. छप्पन्न वर्षांची सवय, ती वेळ थोडीच बघते. मिटल्या डोळ्यांनी त्या उभ्या राहिल्या आणि त्याची प्रार्थना ऐकत राहिल्या. तो फार सुंदर प्रार्थना करत होता. जुन्या पाळकांसारखी, सावकाश, एकेक नाव घेत. त्यांच्या वडिलांनासुद्धा आवडली असती. ताईंना त्या क्षणी त्याची जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती.

नंतर चहाच्या वेळी तो स्वतःच त्यांच्याकडं आला. डोळे खरोखर ओले होते.

"ताई, अक्षर काय सुंदर आहे तुमचं. आमच्या बोर्डिंगमधल्या बाई अगदी असंच लिहायच्या."

"कुठलं बोर्डिंग?" ताईंनी विचारलं. मिशनमधला माणूस भेटला की हा प्रश्न तोंडून जातोच.

"नाशिककडचं. आईनं सोडलं होतं तिथं. प्रार्थनेत डोळे उघडले की गुरुजी बोटांवर पट्टी मारायचे." त्यानं बोटं पुढं करून दाखवली. "आता कोण मारणार? पण अजून उघडत नाहीत बघा. आप्पा हसतात मला."

आप्पाचं नाव त्यानं असं घेतलं, जसं कुणी आपल्या काकाचं घ्यावं.

"सकाळी दिवाळ्याला जाऊन आलो. मावशीच्या गुडघ्यासाठी पण प्रार्थना केली. पोरगा काय भेटला नाय. तुमी हलवला काय त्याला?"

"नाही," ताई म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाची हीच पंचाईत.

"मग मावशीनंच हलवला." त्यानं कप खाली ठेवला. "टेन्शन नका घेऊ, ताई. उद्या अकराला कोर्टात भेटूच की. वेळ लिहिलीय तुमी चिठ्ठीत."

ताई तशाच रिक्षात बसल्या. सीवूड्सपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा एक मोटरसायकल मागून येत होती, अंतर राखून, घाई नसल्यासारखी.

राहीबाई धक्क्याजवळ चटईवर वाळत घातलेला जवळा उलटत बसली होती. ताईंनी उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. चिठ्ठी, फोटो, काल फोनवर गिळलेली गोष्ट, सगळं. राहीबाईचा हात एकदाच थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"सकाली दोगं आलं," ती म्हणाली. "बोलले, करुनाताईनं धाडलाय. एकानं डोले मिटून परार्थना केली, अगदी तुज्यासारखी. माज्या गुडग्याचा पन नाव घेतलान. नि दुसरा डोले उघडे ठेवून माजा घर बघत व्हता. बाज, माला, मोरी."

"तुला कसं कळलं त्याचे डोळे उघडे होते?"

"मी कवा मिटतंय? तू येतेस तवा पन नाय मिटत. हिथं जवला उघडा असतो, मांजरा टपून असतात."

इतकी वर्षं आपण डोळे मिटून या बाईच्या गुडघ्यासाठी कळवळून मागत होतो, आणि ती मांजरं हाकत होती. एरवी ताईंना हसू आलं असतं.

"अश्विन कुठं आहे?"

"पोऱ्या तवा होडीपाशी व्हता. ते चा पीत व्हते तवर माज्या लेकानं, कृष्णातनं, त्याला होडीन घातला नि गेला. हाय बरा."

"पण कुठं?"

"नाय सांगाची."

"मलासुद्धा?"

राहीबाईनं मान वर केली. रागानं नाही, भाव ठरवून झालेल्या बाईसारखं शांतपणे पाहिलं. "तुला सांगितला तर तू तुज्या देवाला सांगशील. नाव घेऊन नि गाव घेऊन. तू ऱ्हाणार नाय."

ताई चटईच्या कडेला मटकन बसल्या. त्यांच्याबद्दल इतकं खरं त्यांच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं, आणि ते त्यांना लागलं. तोंडाला पदर लावून त्या रडल्या. राहीबाईनं त्यांना रडू दिलं. धक्क्याच्या तोंडाशी मोटरसायकल उभी होती आणि तिच्यावरचा माणूस मोबाइलमध्ये पाहत होता.

"पुरे आता," राहीबाई हळू आवाजात म्हणाली. "उद्या कोर्टाच्या गेटापाशी बस. सगल्यांना दिसशील अशी बस. तो परार्थनावाला बाजूला येऊन बसला तर बसू दे. बाकी माजा मी बघतंय."

सोमवारी दहालाच ताई कोर्टाच्या फाटकाशेजारच्या बाकावर जाऊन बसल्या. पोटात काही नव्हतं. रात्रभर त्यांनी प्रार्थना करायचा प्रयत्न केला होता, आणि 'दिवाळे' म्हणता येईना, दुसरं गाव ठाऊक नाही, म्हणून पहिल्यांदाच त्यांना प्रार्थना कुठून सुरू करावी ते कळलं नव्हतं. आत पायऱ्यांवर तेजश्री काळा कोट घालून उभी होती. मागच्या फाटकाकडं कालचा मोटरसायकलवाला जाताना ताईंनी पाहिला. आणि साडेदहाला प्रसाद आला. त्यांच्या शेजारी बसला. आज त्याच्या हातात बायबल नव्हतं.

"जेवलात का, ताई?"

"नाही."

"उपास असेल." तो रस्त्याकडं पाहत म्हणाला. "चांगलं आहे."

कोर्टात येणारा प्रत्येक तरुण मुलगा तो पायापासून डोक्यापर्यंत बघत होता. एकदा एका टोपीवाल्या पोराला पाहून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. तेव्हा त्याचा शर्ट कमरेपाशी वर गेला आणि तिथं काय खोचलेलं होतं ते ताईंना दिसलं. चामड्याच्या मुठीचा सुरा. त्यांनी नजर दुसरीकडं नेली.

अकराला दहा कमी असताना रस्त्यापलीकडं राहीबाई दिसली. हिरवं लुगडं, डोक्यात अबोलीची वेणी, चाल नेहमीसारखी एका पायावर कलती. तिच्या मागं दोन पावलांवर डोक्यावर माशांची पाटी घेतलेला एक हमाल. पाटीतून ओघळलेलं पाणी त्याच्या तोंडावरून आणि मळक्या बनियनवरून खाली येत होतं. मान त्यानं खाली घातलेली. पण चालताना डावा खांदा थोडा पुढं टाकायची ती लकब ताईंनी तीन वर्षं केंद्राच्या दारातून येताना पाहिली होती. त्यांना कळलं, तर प्रसादला कळायला किती वेळ? तो आत्ता डावीकडं पाहत होता. मान वळवायचाच अवकाश.

"प्रसाद, प्रार्थना करूया," ताई म्हणाल्या आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

त्यानं चमकून पाहिलं. मग आईनं हाक मारलेल्या मुलासारखी त्याची मान खाली गेली आणि डोळे मिटले.

ताईंनी डोळे उघडे ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा. देवाचं नाव आपण जाळ्यासारखं फेकतो आहोत, हे त्यांना चांगलं कळत होतं, आणि हे पाप असेल तर ते माझ्या नावावर मांड, असं त्या मनात म्हणाल्या. मोठ्यानं त्या म्हणाल्या, "प्रभू, हा प्रसाद. नाशिककडच्या बोर्डिंगमध्ये वाढलेला. याच्या आईचं नाव..." त्या थांबल्या. "आईचं नाव काय तुझ्या?"

"सगुणा," तो मिटल्या डोळ्यांनी म्हणाला.

राहीबाई रस्ता ओलांडत होती. फाटकावरच्या पोलिसानं तिला अडवलं, ती काहीतरी बोलली, पोलीस हसला.

"सगुणा. तिनं याला बोर्डिंगच्या दारात सोडलं तेव्हा हा किती वर्षांचा होता ते तू जाणतोस, प्रभू. तिची याद येऊन हा किती रात्री रडला ते तू जाणतोस. ज्या हातांवर पट्ट्या बसल्या ते हात मी धरले आहेत. या हातांनी काय केलं तेही तू जाणतोस, आणि अजून काय करायला निघालेत तेही. यांना थांबव."

हे बोलता बोलता ताईंचा आवाज खरोखर फुटला. लबाडीनं सुरू केलेली प्रार्थना मधेच कुठंतरी खरी झाली होती. प्रसादचे हात त्यांच्या हातात गरम झाले होते आणि घट्ट होत होते, इतके की बोटं दुखू लागली. त्याच्या वाकलेल्या डोक्यावरून त्यांना दिसत होतं. पाटी फाटकाशी खाली उतरली. अश्विननं बनियनला तोंड पुसलं. त्यानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, आणि तो धावला नाही, राहीबाईनं बजावलं असावं. तो एकेक पायरी चढत गेला. तेजश्रीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं दारातून आत दिसेनासे झाले.

"आमेन," ताई म्हणाल्या.

"आमेन." प्रसादनं डोळे उघडले. आधी त्यांच्याकडं पाहिलं. मग फाटकाकडं, तिथल्या ओल्या पाटीकडं, पाटीशेजारी पाय पसरून बसलेल्या राहीबाईकडं आणि रिकाम्या पायऱ्यांकडं. त्याला कळायला फार वेळ लागला नाही. तो उठला नाही, ओरडलाही नाही. त्यानं गालावरचं पाणी मनगटानं पुसलं.

"डोळे उघडे ठेवून केलीत," तो म्हणाला.

ताईंनी आपले हात मांडीवर घेतले.

"चालायचं. जबाब काय, उद्या बदलता पण येतो. पोरगं आपल्या तोंडानं सांगंल, मी खोटं बोललो म्हणून." त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि दुसऱ्या हातानं ताईंचा हात पुन्हा धरला, अगदी हळुवार. "आता मी करतो प्रार्थना. तुमच्या पद्धतीनं. बायजाबाई. वय पंचेचाळीस. मुक्काम तुर्भे, खाणीकडची वस्ती, तिसरी गल्ली, नळाजवळचं घर, दारावर निळा पडदा. सोमवार, साडेअकरा. धुणी उरकून घरी आलेली असते."

यावर ताईंनी आमेन म्हणावं म्हणून तो थांबला होता. ताईंनी हात हिसकावून घेतला. 'सोमवारी माझं लेकरू जसंच्या तसं माघारी पायजे' असं म्हणणारी बायजाबाई त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. लेकरू पायऱ्या चढून गेलं होतं, आणि तिचा विचार कुणीच केला नव्हता. त्यांनीही नाही. त्यांनी मोबाइलवर तिचं नाव शोधलं. शेजारी प्रसाद कुणाला तरी फोन लावत होता. दोन्हीकडं एकदमच घंटी वाजत होती.

आधी बायजाबाईनं उचलला. "झालं का, ताई? गेलं का माझं लेकरू आत?"

"गेलं. नीट ऐका. हातातलं टाका आणि आत्ताच्या आत्ता मागच्या दारानं बाहेर पडा. चप्पलसुद्धा शोधू नका."

"आगं बाई. कुठं जाऊ म्या?"

प्रसादनं आपला फोन कानापासून थोडा दूर धरला होता आणि तो ताईंकडं कान देऊन बसला होता. ताईंच्या ओठांवर आपल्या केंद्राचं नाव आलं, मग पाळकांच्या घराचं, मग वैशालीच्या. त्यांनी ती तिन्ही गिळली.

"जिथं जायचं तिथं जा, बायजाबाई," त्या म्हणाल्या. "फक्त मला सांगू नका."